मायच्या तव्यावरची मिशरी

आमच्या घरात दोन डबे होते. एक पिठाचा, एक मिशरीचा. पिठाचा पुष्कळदा रिकामा असायचा, मिशरीचा कधीच नाही.

पाचोडहून शहरात आलो तेव्हा मी लहान होते. मुकुंदवाडीत पत्र्याची खोली घेतली. माझे वडील, दादा, बांधकामावर जायचे. एकदा परांचीवरून पडले, पाय मोडला आणि घरी बसले. मग माय विटा उचलायला जाऊ लागली. भाकरी दोघांपुरतीच झाली की ती आम्हाला वाढायची आणि स्वतः उंबऱ्यावर बसून दातांना मिशरी लावायची.

"तू जेव की," मी म्हणायचे.

"माझी भूक मेली, बाई," ती बोट तोंडात ठेवूनच म्हणायची.

भूक मरते कशी, हे मला तेव्हा कळायचं नाही. तिला मिशरी मारते, हे फार उशिरा कळलं.

ज्यांनी मिशरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटानं दातांवर-हिरड्यांवर घासायची. भाजताना नाकात झोंबणारा असा खाट उठतो की गल्लीतली मांजरंसुद्धा शिंकतात. हा खाट आमच्याच दारात उठायचा, कारण अख्ख्या गल्लीची मिशरी माझी माय भाजायची. जरा आधी उतरवली तर कच्ची, जरा उशीर झाला तर राख. उतरवायची वेळ फक्त तिलाच कळायची. बाया आपापल्या पुड्या आणून द्यायच्या, माय सगळी एकत्र भाजून वाटून द्यायची. त्यात कमाई काही नव्हती, मान मात्र लई होता.

सकाळी उंबऱ्या-उंबऱ्यावर बाया बोट तोंडात घालून बसलेल्या. तोंडात थुंकी साठलेली, त्यामुळं बोलणं सगळं हुंकारात. माय आणि समोरची मावशी एकही शब्द न बोलता भांडायच्या आणि तशाच भांडण मिटवायच्यासुद्धा.

याला व्यसन म्हणायची कुणाची छाती नव्हती. कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता ह्याच बायांनी बंद पाडला. माय सगळ्यात पुढं. घोषणा द्यायच्या म्हणून सगळ्याजणी आधी गटारापाशी जाऊन मिशरी थुंकून आल्या. पुढं मी कॉलेजच्या तंबाखूविरोधी फेरीत फलक धरून आमच्याच गल्लीतून गेले, तर मायनं काळ्या दातांनी हसत टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मी म्हटलं, "माय, ते तुझ्यासाठीच होतं."

"मी कुठं तंबाखू खाती? तंबाखू बाप्ये खातेत. आम्ही दात घासतो."

मी बी.कॉम. झाले. आमच्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी जिथं-तिथं सांगते आणि पुढंही सांगणार. नोकरी लागली, पिठाचा डबा भरला, मायचं विटा उचलणं सुटलं. भूक मारायची गरज उरली नाही. मिशरी मात्र सुटली नाही. भुकेसाठी आलेली पाहुणी आता घरचीच झाली होती.

मग एक दिवस मी पाहिलं, माय दुधात भाकरी कुस्करून खातेय. माझ्या मायचा हिरव्या मिरचीचा ठेचा असा की नवा पाहुणा डोळे पुसत उठायचा, आणि ती स्वतः तो बोटानं चाटून खायची.

"ठेचा नको?"

"जळजळतंय तोंडात."

मोबाइलचा उजेड धरून मी तिला आ करायला लावलं. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या.

"मावशी, तंबाखू खाता?"

"नाय."

"गुटखा?"

"छी!"

"मिशरी?"

"ती लावती की. आत्ता लावूनच आले. म्हटलं, दातांच्या डॉक्टरकडं जायचं तर तोंड साफ पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. त्यात वाईट काही निघालं नाही. पण त्यांनी मायचा हात धरून सांगितलं, "मावशी, अजून कॅन्सर नाही. लावत राहिलात तर होऊ शकतो. सोडलीत तर चट्टा जाऊही शकतो."

रिक्षा घराजवळ आल्यावर माय म्हणाली, "कामून कुणी सांगितलं नाय इतकी वर्षं?"

"मी फलक घेऊन फिरले ना!"

"मला वाटलं, बाप्यांचा असंल."

दुसऱ्या दिवशी तिनं मिशरी बंद केली आणि दुपारपर्यंत ती दादांशी, नळाशी आणि टीव्हीतल्या सुनेशी भांडली. डोकं ठणकलं. पोट साफ होईना. दादा काठी टेकत माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "तिला थोडी लावू दे गं, नायतर मला पाचोडला पाठव."

दवाखान्यातून बडीशेप चघळायला सांगितलं होतं, ती चघळून चघळून दात दुखले, तरी माय टिकली. पण खरी अडचण तव्याची होती. गल्लीच्या पुड्या येतच होत्या. भाजायला बसली की बोट आपोआप तोंडाकडं जायचं.

"भाजायचंच बंद कर," मी म्हटलं.

"मी नाय भाजली तर मावशी भाजंल. अन् ती मला चिमूटभर दिल्याबिगर ऱ्हाईल का? नाय म्हणलं तर तिला राग. त्यापरीस तवा माझ्याच हातात बरा."

दोन दिवसांनी मी कामावरून आले तर घरात धूरच धूर.

"माय, भाकरी करपली!"

"करपवायली."

शिळी भाकरी तिनं काळीकुट्ट भाजली, कुटली, आपल्या डब्यात भरली. सकाळी बोट तोंडात, उंबऱ्यावर बैठक, हुंकार सगळे तसेच. फक्त तंबाखू नाही. मग तिनं तीच पूड गल्लीच्या मिशरीतही मिसळायला सुरुवात केली. आधी मूठभर, मग वाढवत वाढवत.

"हे बरं नाही," मी म्हटलं.

"इतकी वर्षं सगळ्यांच्या तोंडात म्याच भाजून घातली. चट्टा काय मला एकटीलाच व्हतोय?"

रंग तोच होता आणि हात मायचा होता, त्यामुळं तिच्यावर कुणाचा संशय गेला नाही. मावशी म्हणायची, "तंबाखूतच दम नाय राह्यला." शेवटी बायांनी ठरवलं की शहागंजातला तंबाखूवाला भेसळ करतोय. रविवारी सगळ्याजणी निघाल्या. "तू पुढं हो, तुला पारख हाय," म्हणत मायला सगळ्यांच्या पुढं घातलं. मी मागून गेले.

दुकानात म्हातारे चाचा बसलेले. मावशीनं पुडी आपटली. "चाचा, भेसळ कामून करायलेत?"

"भेसळ? मेरी दुकान में? अब्बा के टाइम से वोइच पत्ता है!" चाचांनी पोत्यातलं पान काढून मायपुढं धरलं. "तुम सूंगो. तुमकू पहचान है."

मायनं पान नाकाशी नेलं. सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. "व्हय, भेसळ हाय," एवढं म्हणाली असती तर सुटली असती. पण पान नाकाशीच राहिलं, फार वेळ. तिनं डोळे मिटले. मला वाटलं, गेली. आता हे पान पदराच्या गाठीला बांधणार.

तिनं पान चाचांच्या हातात परत दिलं.

"माल चोख हाय. भेसळ म्या केली."

"कशाची?" मावशीनं विचारलं.

"भाकरीची."

"म्हंजी आम्ही दातांना भाकरी लावायलो?"

"निम्मी. माझ्या डब्यात सगळीच."

मावशी ओरडली, "अन् माझं पोट तर रोज साफ व्हायलंय!"

"या अल्ला," चाचा कपाळाला हात लावून हसायला लागले, "मेरी दुकान कू भाकरी ने मारा!"

बायाही हसल्या, हसली नाही फक्त मावशी. परतीच्या रस्त्यात मायनं सगळ्यांना चट्ट्याचं सांगितलं, गाल ताणून दाखवलासुद्धा. मावशी पुढं पुढं चालत राहिली. नंतर कितीतरी सकाळी समोरच्या उंबऱ्यावरून एक हुंकारही आला नाही. मग एकदा ती फडक्यात शिळ्या भाकरी बांधून दारात उभी राहिली.

"ह्या भाज. नीट भाज मात्र, मागची कच्ची व्हती."

सगळ्यांनी सोडली असं नाही. काहीजणी अजून शहागंजात जातात आणि घरीच भाजतात. माझ्या मायच्या तव्यावर मात्र तंबाखू पुन्हा पडली नाही. तिनं मिशरी सोडली. परवा डॉक्टरीणबाईंनी तोंड तपासलं, चट्टा गेलेला होता. काल मायनं ठेचा केला आणि खाल्ला.