कोच कुबात यांचं घर विकणे आहे

कोच लायल कुबात यांनी आयुष्यभर एकच कला वापरली. जवळ नसलेला चेंडू आहे असं दाखवायचं, आणि असलेला नाही असं.

ते आमच्याच कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे क्वार्टरबॅक होते. चेंडू आधी त्यांच्या हातात यायचा आणि पुढे कोणाला द्यायचा ते तेच ठरवायचे. पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी चेंडू दिल्यासारखा करायचा, पण ठेवायचा स्वतःच्या कमरेमागे, आणि बस चुकल्यासारखा चेहरा करून उभं राहायचं. समोरची सगळी फौज भलत्याच्याच अंगावर कोसळली की हे दुसऱ्या बाजूने रमतगमत रेघेपलीकडे. पळण्यात त्यांना वेग असा कधीच नव्हता. त्यांच्या आई म्हणायच्या, "लायल लहानपणी बिस्किटंही अशीच न्यायचा."

पुढे ते त्याच कॉलेजचे कोच झाले. नेब्रास्कातलं आमचं हार्लन फॉल्स मका पिकवतं, पण जगतं फुटबॉलवर. कोच जिंकत होते तोवर त्यांचा फोटो सलूनमध्ये आरशाशेजारी होता. मग चांगली मुलं मोठ्या विद्यापीठांकडे जाऊ लागली, हार नेहमीची झाली आणि फोटो सरकत सरकत मागच्या दाराजवळ गेला.

एका ऑक्टोबरात आम्ही घरच्या मैदानावर सपाटून हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोचच्या अंगणात पाट्या उगवल्या होत्या: 'घर विकणे आहे'. आमच्याकडे कोचला जा म्हणायची हीच रीत. हे काम रॉजर थीसनचं. हा ट्रॅक्टर विकतो आणि संघाला मदत करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आहे. पाट्यांमागे त्याच्याच दुकानाची जाहिरात छापलेली होती. कॉलेजच्या अध्यक्ष डॉ. फिन्ली पेपरात म्हणाल्या, "कोचवर आमचा पूर्ण विश्वास आहे." ते वाचून गावातल्या बायकांनी कुबातांकडे बटाटा आणि चीजच्या थाळ्या पोचवायला सुरुवात केली. मयताच्या घरी पोचवतात तशा.

कोच साठीला टेकले होते. इथून काढलं तर दुसरं कोणी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मैदान सोडून करायचं काय, ते मात्र ठाऊक नव्हतं.

मी कॉलेजच्या हिशेब खात्यात आहे आणि राहतो त्यांच्या शेजारी. कुंपणावरून म्हटलं, "कोच, पाट्या काढायला हात लावू का?"

"नको वॉल्ट. भोवतीचं गवत तेवढं कापून घेतो. पाटी नीट दिसली पाहिजे."

पुढच्या रविवारी त्यांच्या बायकोची, मार्लिसची, चुलतबहीण आणि तिचा नवरा जेवायला आले. राहणारे बेल्मोरचे, म्हणजे आमच्या हाडवैऱ्याच्या गावचे. दोघांच्या डोक्यावर बेल्मोर कॉलेजच्या हिरव्या टोप्या. एरवी कोच त्या टोप्या घराबाहेर काढून ठेवायला लावत. त्या दिवशी त्यांनी पाहुण्यांना टोप्यांसकट अंगणात फिरवलं, छपराकडे बोट दाखवलं, तळघराचं दार उघडून दाखवलं. पाहुण्याने भिंतीवर टकटक केली. त्याला त्याच्या घरची भिंत रंगवायची होती, म्हणून तो रंगाची चौकशी करत होता. समोरच्या रस्त्यावर रॉजरची बायको कुत्र्याला परत परत फिरवत होती. कुत्रं बिचारं दमून बसलं.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये रॉजर केस न कापताच उभा.

"बेल्मोरवाले त्याला पळवतायत. घरसुद्धा विकायला काढलंय त्याने."

"पाट्या तर तूच लावल्यास," न्हावी म्हणाला.

"म्हणून काय खरंच विकायचं?"

"पण आपल्याला तो नकोच होता ना, रॉजर?"

"आपल्याला नको म्हणून बेल्मोरला द्यायचा का? आपले सगळे डाव ठाऊक आहेत त्याला."

"ते तर बेल्मोरलाही ठाऊक आहेत. दरवर्षी हरवतात की."

संध्याकाळी मी कोचची शिडी परत करायला गेलो, तर स्वयंपाकघरात डॉ. फिन्ली आणि रॉजर बसलेले. मधे कोलाचींचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा खोका.

"लायल," बाई म्हणाल्या, "बेल्मोरशी बोलणं कुठवर आलंय?"

"त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

हे अगदी खरं होतं. पण चेहरा बस चुकलेल्या माणसाचा.

"दोन वर्षांचा करार देतायत का?"

कोचने कोलाची उचलली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

"तीन?" रॉजर म्हणाला.

"रॉजर, तू गप्प बस," बाई म्हणाल्या.

"कॉफी देऊ का अजून?" मार्लिसने विचारलं. तिच्या मानेवरून दिसत होतं की ती हसू दाबतेय.

"आपण चार देऊ," रॉजर बोलून बसला. बाईंनी त्याच्यासमोरचा खोका ओढून घेतला. पण शब्द गेला होता.

करारावर सह्या झाल्या आणि त्याच शनिवारी बेल्मोरने आम्हाला धुऊन काढलं. सोमवारी मी केस कापायला गेलो, तर मंडळी कोचच्या नावाने खडे फोडत होती. त्यांच्या मधे रॉजर उभा होता, हातवारे करत.

"अरे, वारा उलटा होता. या वाऱ्यात कोणी चेंडू फेकून दाखवावा. कोचचा काय दोष?"

न्हावी माझ्या मानेवर ब्रश फिरवत होता. शनिवारी मैदानावरचा झेंडा काठीला चिकटून बसला होता.