तळ बघून मग घरी

जळलेल्या मोटरचा वास एकदा नाकात बसला की लवकर जात नाही. पंपवालीने क्लबच्या पोहण्याच्या तलावाच्या पंपघराचं दार ढकललं आणि आत पाऊल टाकायच्या आधीच तिला कळलं, की बूस्टर पंप गेला. आधीचा गेला म्हणून याच वर्षी तिने स्वतःच्या हाताने बसवलेला हा दुसरा. ती खाली बसली, पंपाच्या तोंडावरून हात फिरवला. प्लॅस्टिक मऊ होऊन वाकडं झालं होतं. मागे मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. चेहरा असा, की पंप नाही, घरातलंच कोणी गेलंय.

मॅनेजरचा निकाल तयारच होता. कंपनीची चूक नाही, विजेची नाही, पंपवालीच्या बसवण्याचीही नाही म्हणे, एवढा मोठेपणा त्याने दाखवला. चूक माणसाची. तलावावर नेमलेला म्हातारा डुलक्या काढतो, कुठली तरी कळ भलत्या वेळी दाबतो आणि क्लबचं नुकसान होतं. तळ साफ करायला आता मशीन आहेच. मग माणूस कशाला पोसायचा?

"तुमच्या घरातला माणूस आहे, म्हणून आधी तुमच्या कानावर घालतोय," मॅनेजर म्हणाला.

म्हातारा म्हणजे पंपवालीचे सासरे. हे ठाऊक असूनच तो बोलला होता. पंपवालीचा पारा असाही चढायला वेळ लागत नाही. क्लबातली माणसं म्हणायची, हिच्या डोक्यातलं प्रेशर बूस्टरपेक्षा जास्त. पण त्या दिवशी ती गप्प राहिली, कारण हातात जळका पंप होता आणि तो का जळला हे तिला सांगता येत नव्हतं. रागावायला आधी कारण हवं, नाहीतर नुसताच थयथयाट होतो, हे तिला वडिलांच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात शिकायला मिळालं होतं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा माहेराहून भांडीकुंडी कमी आणि पाने-पक्कडच जास्त आले होते. नवरा बस चालवायचा आणि घरातला दिवासुद्धा तिलाच बदलायला सांगायचा. सासरे तलावावर होते, तलावाला फरशा बसायच्याही आधीपासून. त्यांनीच तिला क्लबचं पहिलं काम मिळवून दिलं. आणि पुढच्याच आठवड्यात दोघं जेवताना अशी भांडली, व्हॉल्व कोणी कधी उघडायचा यावरून, की सासूबाईंनी ताट सरकवलं आणि घराला कायदा घालून दिला: तलाव उंबऱ्याच्या बाहेर. घरात त्याचं नाव काढायचं नाही. सासूबाई गेल्या, पण त्यांचा कायदा कोणी मोडला नाही. एकाच तलावावर राबणारी दोन माणसं रात्री एकाच घरात जेवायची आणि बोलायची कशावर, तर शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर.

तिने जळका बूस्टर उघडला. आतलं सील वितळून चिकटलं होतं. म्हणजे पंप कोरडा चालला होता. बूस्टर स्वतः पाणी ओढत नाही. मेन पंप तलावाचं पाणी गाळणीतून फिरवतो, त्यातलंच थोडं बूस्टरला मिळतं, आणि बूस्टर ते जोरात ढकलून नळीवाटे तळावरच्या मशीनला देतो. त्या जोरावर मशीन तळभर सरपटत कचरा गोळा करतं. पोहायला येणाऱ्या पोरांनी त्याचं नाव कासव ठेवलं होतं. मेन बंद आणि बूस्टर चालू, म्हणजे चुलीवर रिकामं पातेलं. तेव्हा कोणीतरी मेन बंद करत होतं, आणि तेही रोज, कारण एका दिवसात सील एवढं जात नाही.

तिचा संशय सरळ मॅनेजरवर. विजेचं बिल वाचवण्याच्या युक्त्या त्याला सुचायच्याच. ती ऑफिसात गेली आणि तिने त्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, की पंपघरात तो पायच ठेवत नाही, तिथे ओल असते आणि त्याचे बूट खराब होतात. हे खरं होतं. त्याचे बूट सगळ्या क्लबाला माहीत होते. चोर समोर आहे असं वाटावं आणि तो साव निघावा, यासारखा संताप नाही.

त्या रात्री जेवताना तिने सासूबाईंचा कायदा मोडला. नवऱ्याने घास हातातच ठेवला आणि आळीपाळीने दोघांकडे बघितलं.

"बाबा, मेन पंप कोण बंद करतं?"

"मीच," सासरे म्हणाले. "पोरांचा क्लास सुटला की रोज. आजचं नाही ते."

मग त्यांनी सांगितलं, सावकाश, घास चावत. पंप चालू असला की पाणी हलतं. हलत्या पाण्यातून तळाच्या फरशा थरथरताना दिसतात, वर उन्हं तिरपी असतात, त्यात काय आहे आणि काय नाही ते कळत नाही. म्हणून पोरं बाहेर आली की ते पंप बंद करायचे, पाणी निवळू द्यायचे आणि काठाकाठाने फिरून सगळा तळ बघायचे. मगच पंप चालू करून घरी.

"एकदा पंप चालू असतानाच बघितलं होतं," ते म्हणाले, "आणि निघालो होतो. फाटकापर्यंत गेलो, टोपी राहिली म्हणून परत आलो, तर तळाशी कोणीतरी. पोरगं जगलं. ते त्याचं नशीब. माझं बघणं नव्हतं ते."

पंपवालीने मनात वेळा जुळवल्या. पहिला बूस्टर वर्षानुवर्षं टिकला, कारण त्याला आपोआप चालू करणारा टायमर पहाटेचा लावलेला होता. मग मॅनेजरच्या डोक्यात आलं, की कासव चालताना पोरांच्या आईबापांना दिसलं पाहिजे, म्हणजे क्लबचा रुबाब वाढेल. त्याने तिला टायमर क्लास सुटल्यावरचा लावायला सांगितला. तिने लावला. मॅनेजरला दाखवला. पंपघरात रोज वावरणाऱ्या माणसाला मात्र सांगितलं नाही, कारण घरात विषय निघत नव्हता आणि तलावावर तिला सवड नव्हती. म्हणजे इकडे सासरे मेन बंद करून तळ बघत होते आणि तिकडे बूस्टर ठणाणा कोरडा चालत होता. खोल बाजूच्या टोकाला त्यांना तो ऐकूही येत नसणार.

कासव मधेच थांबतं ते दिसलं नाही का, असं तिने चिडून विचारलं.

"दिसलं की. मला वाटलं, तेही दम खातंय."

"मग मला विचारायचं."

"घरात विचारायचं नाही. आणि तलावावर तू बोलतेस कुठे, भांडतेस."

नवरा हसला आणि लगेच त्याने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती नवा बूस्टर घेऊन गेली आणि या वेळी तिने काम असं केलं की त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. व्हॉल्व बंद केले, जुना पंप सोडवला, बैठक सपाट करून घेतली, नव्याच्या आट्यांवर टेप गुंडाळली, पाइप जोडून हवा काढली. आणि बूस्टरची वायर मेन पंपाच्या स्टार्टरमधूनच घेतली. आता मेन चालू असेल तरच बूस्टर चालणार. मेन बंद केला की तोही बंद. हे तिने पहिल्याच वेळी करायला हवं होतं, हा स्वतःवरचा रागही त्या वायरीत आवळला गेला. दहा वेळा मेन चालू-बंद करून बघितला. बूस्टर शहाण्या मुलासारखा मागोमाग गप्प झाला.

मग ती मॅनेजरकडे गेली आणि झालं ते सगळं सांगितलं. टायमर तुमच्या सांगण्यावरून मी बदलला, बाबांना कोणीच सांगितलं नाही, चूक माझी आणि तुमची, त्यांची नाही. मोठ्या अपेक्षेने ती बोलली. आपली चूक पदरात घेतली की समोरचाही निदान अर्धी घेतो, असं तिला वाटत होतं. पन्नाशीला आलेल्या बाईला एवढी माणसं ओळखता येऊ नयेत, याचं नवल आहे.

"म्हणजे आता पंपघरात कोणी काहीही केलं, तरी हा जळणार नाही?" मॅनेजरने विचारलं.

"नाही जळणार."

"उत्तम. मग तिथे माणूस नसला तरी चालेल."

तिने ऐकलं आणि तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ज्या वायरीने सासऱ्यांवरचा ठपका पुसायचा, त्याच वायरीने या माणसाने त्यांना बाहेर काढलं, आणि वर तिचे आभार मानले. तळ कोण बघणार, असं तिने विचारलं. मॅनेजर म्हणाला, पोहायला शिकवणारा असतोच ना. असतो. शेवटचं पोर शिडी चढलं की त्याची मोटरसायकल फाटकाबाहेर असते, पुढच्या तलावावर पुढचा क्लास असतो. हे मॅनेजरला माहीत होतं. माहीत असूनही त्याला झोप लागत होती, याचीच तिला चीड आली.

"पंपाचं काय ते पंप बघेल," ती म्हणाली. "पोरांचं कोण बघणार, ते लिहून द्या आणि खाली सही करा."

त्याने सही केली नाही. सही करायला अशी माणसं कधीच पुढे नसतात. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी पंपघराची किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, आपला पंचा आणि पाण्याची बाटली उचलली आणि तक्रारीचा एक शब्द न काढता ते घरी आले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही तिला राग आला. माणसाने कधीतरी ओरडावं.

पुढच्या दिवशी ती नवा पंप बघायच्या निमित्ताने तलावावर गेली. क्लास सुटला. पोरं भिजल्या पायांनी पळाली, शिकवणाऱ्याची मोटरसायकल गेली. कोणी मेन बंद केला नाही. पाणी हलत राहिलं, टायमर लागला आणि कासव दिमाखात निघालं. बाकांवर बसलेल्या आईबापांनी कौतुकाने माना डोलावल्या, एकाने फोटो काढला. काठाशी कोणी गेलं नाही. खाली वाकून कोणी बघितलं नाही. एवढी माणसं, सगळ्यांची नजर त्या कासवावर, आणि तळ कोणीच बघत नव्हतं.

ती तडक पंपघरात शिरली आणि तिने मेन बंद केला. बूस्टर लगेच थांबला. कासव जागच्या जागी बसलं. ऑफिसच्या खिडकीतून मॅनेजरने विचारलं, काय बिघडलं. ती काठाशी आली. पाणी निवळेपर्यंत उभी राहिली, मग काठाकाठाने चालू लागली, कमरेत वाकून, एकेक फरशी बघत. मॅनेजर बाहेर आला, बूट सांभाळत, आणि हे तुमचं काम नाही असं तिला सांगू लागला. "माझं नाहीच," ती न थांबता म्हणाली. "ज्याचं होतं त्याला तुम्ही घरी पाठवलंत." बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. एक बाई आपल्या मुलाचा हात घट्ट धरून तिच्या मागून चालू लागली आणि तीही पाण्यात बघू लागली.

ती घरी पोचली तेव्हा सासरे दारातच उभे होते. ही त्यांची परतायची वेळ होती आणि आज त्यांना कुठूनही परतायचं नव्हतं. पायात चपला मात्र होत्या.

"आज कोणी बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलं. पंप बंद करून. सगळीकडून."

"खोल बाजूच्या शिडीखाली? तिथे सावली असते. तिथे वाकून चालत नाही, आडवं पडून बघावं लागतं."

पंपवालीने आठवून बघितलं. सगळी पोरं तिच्या डोळ्यांदेखत बाहेर पळाली होती, निदान तिला तसं वाटलं होतं. किती होती ते तिने मोजलं नव्हतं. शिडीखाली तिने बघितलं नव्हतं.

तिने पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि मागे वळली. सासरे तिच्या आधीच रस्त्याला लागले होते, आणि त्या वयाचा माणूस इतक्या झपाझप चालताना तिने कधी बघितला नव्हता.