नऊच्या आत

आधी कबुली देते, मग सोपानभाऊजींविषयी लिहिते. कबुलीशिवाय त्यांच्याविषयी लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी होईल, आणि लबाडी मी एकदा पोटभर केलेली आहे. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आमच्या निमोण्यात मी एका माणसाच्या नावावर खोटा मुहूर्त खपवला. तो माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, दौंडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे. गेल्या महिन्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. फोन ठेवला आणि उरलेला लसूण सोलून संपवला... का, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. सासऱ्यांच्या वेळेपासून कुठं शेतात पाय रोवले गेले. त्या घरातला पोरगा डॉक्टर झाला म्हटल्यावर गावातले दोघंतिघं पोटदुखी घेऊन दारात आले. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत हे सांगता सांगता माझा घसा कोरडा पडला. मग कशाचे? तर काळाचे. जे होऊन गेलं ते उरतं का, उरत असेल तर कसं, हे शोधण्यात त्यांनी जवानी घालवली होती. सासरे, म्हणजे आमचे आबा, म्हणाले, "मेंढरं कोकणातनं माघारी आली की साल सरलं. ह्येच्यात शोधायचं काय?" मी मात्र फुगले. तेव्हाची मी म्हणजे नवी चप्पल घालून मुद्दाम चिखलातून मिरवणारी बाई. भाऊजींना वेळेतलं सगळं कळतं, असं मी नळावर, गिरणीत, हळदीकुंकवात सांगत सुटले. त्यांना स्वतःच्या एसटीची वेळ कळत नसे, ते सोयीस्करपणे गाळलं.

शेजारच्या चांगुणाआत्या विधवा, त्यांचा दत्तू एकुलता एक. त्यानं टेम्पो आणला. पहिली फेरी कधी काढावी, हे तुझ्या दिराला विचार, असं आत्या मला म्हणाल्या. रविवारी भाऊजी आले, जेवले, गेले. मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ते हसले असते आणि माझं गावातलं वजन गेलं असतं. सोमवारी मी आत्यांना ठसक्यात सांगितलं, "बुधवार. सकाळी नऊच्या आत." नऊच का? आमच्या आळीला नळाला पाणी नऊला यायचं, अजूनही येतं. नारळ फुटताना मला पुढं उभं राहायचं होतं आणि पाण्याचा नंबरही चुकवायचा नव्हता. एवढंच माझं पंचांग.

दत्तू दहाला निघणार होता, तो पावणेनऊला निघाला. न्हावऱ्याच्या पुढं समोरून ट्रक आला...

दहाव्याला घोडनदीच्या काठी सगळा गाव जमला होता. भाऊजीही आले होते. पिंडाला कावळा शिवला, माणसं उठू लागली, तेवढ्यात आत्यांनी सगळ्यांदेखत भाऊजींना विचारलं, "सर, येळ तुमीच दिली व्हती न्हवं?" भाऊजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या पायाचा अंगठा पहिल्यांदाच पाहावा तशी पाहत होते. हा माणूस एवढा काटेकोर, की 'मला वाटतं' आणि 'मला माहीत आहे' यांची कुणी गल्लत केली तर जेवणाच्या ताटावरून हटकायचा. तो हात जोडून म्हणाला, "चुकलं आत्या माझं."

त्यानंतर माझ्या घशाखाली घास उतरेना. घरच्यांना वाटलं, पोरगं डोळ्यासमोर वाढलेलं म्हणून. भाऊजी मला आठ दिवसांसाठी दौंडला घेऊन गेले. संध्याकाळी ते स्टेशनच्या पुलावर जाऊन उभे राहत, तिथं मलाही नेलं. मी म्हटलं, मी नऊच्या आत म्हटलं नसतं तर? ते म्हणाले, "त्या ट्रकला कुणी वेळ काढून दिली होती, वहिनी?" मग मी विचारलं, खोटं तुमच्या अंगावर का घेतलंत. त्यात काही तत्त्वज्ञान असेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तुम्हाला गावात राहायचंय. मी दौंडला असतो."

खाली पुण्याकडून गाडी येत होती. ते म्हणाले, गाडी इथं आली म्हणून मागं केडगाव पुसलं गेलं का? आहे तिथंच आहे. काल तसाच असतो, असं माझं म्हणणं आहे. मी म्हटलं, केडगावला उलट्या गाडीनं जाता येतं, कालच्याला कुठली गाडी? ते कठडा सोडून सरळ उभे राहिले, मला वाटलं मी काहीतरी अपमान केला. मग म्हणाले, ह्याच प्रश्नाशी मी इतकी वर्षं झटतोय आणि तुम्ही पुलावर उभ्या उभ्या विचारलात. पुढं त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. त्यात माझं नाव नाही, पण माझा आक्षेप आहे, असं ते चारचौघांत सांगत.

उत्तर मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी दिलं. "जाता येत नाही, हे खरं. पण दत्तू बावीस वर्षं होता, हे आता कुणालाही पुसता येणार नाही. त्या ट्रकलाही नाही."

"आन् माझी थाप?"

"तीही नाही," ते म्हणाले आणि पुलावर घेतलेला शेंगांचा पुडा माझ्यापुढं धरला. त्या दिवशी मी परत खायला लागले. पुसायची सोय नाही म्हटल्यावर उपाशी राहून काय करणार?

तेव्हापासून दत्तूच्या वर्षश्राद्धाला ते दर साली निमोण्याला येत. चौदा-पंधरा वर्षं, एकदाही खाडा नाही. आधी आमच्याकडं नाही, थेट आत्यांच्या ओट्यावर. आत्या घोंगडी अंथरायच्या. ते मांडी घालून बसायचे आणि आत्या दत्तूचं सांगायच्या, तेच ते. गावाला कंटाळा आला होता, भाऊजींना नाही. गोष्टीत एखादा बैल बदलला तर ते विचारत, "आत्या, मागच्या साली तांबडा होता ना?" आत्या खूश व्हायच्या. मी पडवीतून बघायची. खरं सांगावं असं दर साली वाटायचं, आणि दर साली मी चहा करायला उठायची.

ते गेल्यावर दौंडहून त्यांचं पुस्तक आणलं. माझी नात इंग्रजी शाळेत जाते, तिला मी माझा आक्षेप शोधायला बसवलं. तो सापडला नाही, पण एका पानावर तिचं बोट थांबलं. मोठमोठ्या शब्दांच्या मधोमध निमोणे होतं, आणि तिथं आंब्याच्या कोयीची पिपाणी वाजवून वासराला बोलावणारा एक मुलगा. नात म्हणाली, "आजी, दत्तू कोण गं?" तिला मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. पंचावन्नाव्या वर्षीसुद्धा.

परवा दत्तूचं वर्षश्राद्ध होतं. सकाळी आठला बाहेर आले तर आत्यांनी ओट्यावर घोंगडी अंथरली होती. कुणी येणार नाही हे त्यांना माहीत होतं, तरी. मी ओट्याखाली उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मुहूर्त माझा, नळ माझा, भाऊजींना काहीच ठाऊक नव्हतं. आत्यांनी घोंगडीची सुरकुती हातानं सारखी केली आणि म्हणाल्या, "मला तवाच ठावं हाय. घाटावर सर 'चुकलं' म्हनले तवा मी तुझ्याकडं बघत व्हते. पर तू खरं बोलली असतीस तर त्यो मानूस दर साली कशाला आला असता गं? माझ्या दत्तूचं ऐकाया दुसरं व्हतं कोन? आता तू बस हितं. आन् नऊला पानी आलं तरी उठायचं न्हाई."