सार्जंटसाहेबांनी घेतलेली हजेरी

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, ते सांभाळून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाला दाखवायला लिहीत नाही. आमचे हे फौजेत होते, त्यांची पत्रं वेळेसकट यायची. म्हणून मीही वेळ टाकते.

परदेशात, क्वीन्सटाउनला, मुलाच्या फ्लॅटवर येऊन मला दोन वर्षं झाली. सून अनघा १८३० ला, म्हणजे संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसातून येते. मग आम्ही दोघी ब्लॉकखालच्या बाकावर बसायचो. तिथे सार्जंटसाहेब असत. अमेरिकन, फौजेतून रिटायर, नवव्या मजल्यावर मुलीकडे राहणारे. ते बोलत, अनघा मला मराठीत सांगे. मी नुसती मान हलवायची.

"हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या गाळ्यांपाशी, लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात आणि कुणी ते उचलत नाही," ते एकदा म्हणाले. "आमच्याकडे रणगाडा ठेवला असता तरी जागा गेली असती."

दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्ही निघताना 'येते' म्हणता आणि खरंच येता. आम्ही 'सी यू' म्हणतो आणि वीस वर्षं भेटत नाही."

राजकारण निघालं की त्यांचा आवाज चढे. "लढाई ठरवणारे कधी लढाईत नसतात. तुमच्याकडे कसं?"

"तसंच," मी म्हटलं.

ते खो खो हसले. अनघा म्हणाली, "आई, वर्षभरात एक शब्द बोललात आणि साहेब गार!"

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीची बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी साहेब बाकावर ताठ बसले होते. कुणी विचारलं नाही, तरी सांगू लागले.

"०५४० ला कॉन्व्हॉय, आमच्या गाड्यांचा ताफा, निघाला. पहिल्या गाडीत माझ्या तुकडीतला डॅनी, रेडिओवर त्याची गाडी 'टू-वन'. माझी गाडी दुसरी. ०६१५ ला स्फोट झाला. मी रेडिओवर म्हटलं, 'टू-वन, रिपोर्ट.' काही नाही. 'टू-वन, रिपोर्ट.' काही नाही."

मग त्यांनी त्यांच्याकडची रीत सांगितली. माणूस गेला की तुकडी उभी करून हजेरी घेतात. जिवंत माणसं 'हिअर, सार्जंट' म्हणतात. गेलेल्याचं नाव तीनदा पुकारतात, तिसऱ्यांदा पूर्ण. डॅनीचं नाव साहेबांनीच पुकारलं होतं.

"तुमच्या मिस्टरांची हजेरी कुणी घेतली?"

मी सांगितलं. हे हवालदार होते. ०४०० ला बर्फातल्या चौकीवरून पेट्रोल निघालं, सात जण. वरून बर्फाचा कडा कोसळला. पाच परत आले. हे सापडलेच नाहीत. गावाने फोटोपुढे यांचं नाव घेऊन घोषणा दिल्या. मी दाराआड होते. मी ते नाव तोंडाने कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याच्या वेळी रडू फुटलं, म्हणून बायकांनी सोडून दिलं होतं.

"मी घेऊ हजेरी?" साहेब म्हणाले. "उद्या मी नसेन."

मी हो म्हटलं. ते गुडघा धरून उठले आणि अटेन्शनमध्ये उभे राहिले. मीही उठले.

"हवालदार शेलार!"

पलीकडे पट मांडून बसलेले दोन चिनी म्हातारे खेळायचे थांबले.

"आई, आता त्यांना पहिलं नाव हवंय," अनघा हळूच म्हणाली. "मी सांगू?"

"नको."

मी बोलले नाही तर हजेरी अर्धीच राहणार होती. साहेब समोर बघत उभे होते. त्यांनी घाई केली नाही.

"गणपत," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, "गणपत रावजी शेलार."

"हवालदार गणपत शेलार!"

कुणी बोललं नाही.

"हवालदार गणपत रावजी शेलार!"

साहेबांनी सॅल्यूट केला. १९१० झाले होते. तिसऱ्या हाकेनंतर किती वेळ थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. तेवढं थांबून त्यांनी हात खाली घेतला. मला ठाऊक नव्हतं. मी उभीच राहिले.