'आणि इतर'मधले लक्ष्मणकाका

औरंगपुऱ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. लोकांचे अर्ज, भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा टाइप करून देते. या रत्नमालेला साहित्यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. लक्ष्मणकाकांचं पुस्तक माझ्या हाताखालून गेलंय, त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

काका नव्वदीचे. मूळचे देवगाव रंगारीचे, भिक्षुकाच्या घरातले. सोळाव्या वर्षी गावात नाटक कंपनी आली आणि जाताना यांना घेऊन गेली. पुढं सिनेमा. हवालदार, मुनीम, घरगडी, पोस्टमन. सत्तावीस सिनेमे केले आणि पडद्यावर नाव एकदाही नाही. नायकाचं नाव पडदाभर, मग नायिका, मग खलनायक आणि शेवटी, कुणी वाचायला थांबणार नाही एवढ्या बारीक अक्षरात, 'आणि इतर'. काका त्या इतरांत. कामं आटली तेव्हा यमुनाकाकूंना घेऊन या शहरात आले आणि लिहायला बसले. आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या, चार कथासंग्रह काढले. ते फारसे कुणी वाचले नाहीत, हे काका स्वतःच सांगतात, तेही ताठ मानेनं.

गेल्या दिवाळीनंतर ते तीन वह्या घेऊन दुकानात आले. आत्मचरित्र. एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय, म्हणाले. छापलेलं पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय, तेवढं लवकर कर.

मी लवकर केलं, आणि वर शहाणपणाही केला. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तीन-चार शब्द अधांतरी लिहिलेले होते. '...मग तूच सांग आता.' '...दिवा घेऊन ये.' मागचं-पुढचं काही नाही. म्हातारपणी होतं असं, म्हणत मी सगळे काढून टाकले. काकांनी भिंग लावून पहिलं पान बघितलं आणि असे भडकले की झेरॉक्सला आलेली दोन गिऱ्हाइकं निघून गेली.

मग शांत झाल्यावर सांगितलं. कंपनीत लहान नटाला अख्खं नाटक कधी हातात मिळायचं नाही. त्याला नक्कल द्यायचे: फक्त त्याची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द. ते कानावर पडले की आपण बोलायचं. काकांनी अख्खं आयुष्य तसंच लिहिलं होतं. मी खोडलेले शब्द त्यांच्याच कंपनीतून सिनेमात गेलेल्या बड्या नायकाचे होते. पुस्तकात त्याला तेवढीच जागा, नावसुद्धा नाही. मी ओशाळले आणि सगळे शब्द परत घातले.

पुण्याच्या एका प्रकाशकांना मजकूर आवडला, पण अट घातली. त्यासाठी ते दुकानात आले. तो नायक कोण हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं; त्याची पन्नास पानं हवीत, म्हणाले. त्याची दारू, त्याची लफडी, सेटवरची भांडणं. महिन्याभरात छापतो, पुण्यात समारंभ करतो. नाहीतर हवालदाराचं आयुष्य वाचणार कोण?

खरं सांगते, मी फितूर झाले. डोळा काही थांबणार नव्हता. काका, लिहून टाका की, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, असं मीच म्हणाले. बाकावर बसलेल्या यमुनाकाकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप कीबोर्ड पुसायला लागले.

काका उठून उभे राहिले. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

"तीस वर्षं मी त्याचं वाक्य संपायची वाट बघत उभा राहिलो. आता पाळी माझी आहे. मला ठाऊक लई आहे, पण ते त्याचं आहे. मी माझंच बोलणार."

प्रकाशक चहाही न घेता गेले. मला काकांचा राग आला, लई आला. काय बिघडलं असतं पन्नास पानांनी? पण रात्रभर ते 'माझंच बोलणार' डोक्यातून जाईना. सकाळी मी गुलमंडीजवळच्या ओळखीच्या छापखान्यात गेले आणि शंभर प्रती सांगितल्या. अक्षर एवढं मोठं ठेवलं की दोनशे पानांचं पुस्तक चारशेचं झालं. छापखानेवाल्यानं विचारलं, लहान मुलांचं आहे का? म्हटलं, तू छाप, चौकशा करू नको.

शेवटच्या पानाची नामावली काकांनी तोंडी सांगितली. पडदा ओढणारे, रंग लावणारे, सेटवर चहा देणाऱ्या वच्छलाबाई. भाकरी थापता थापता पाठांतर घेणाऱ्या यमुनाबाई. टायपिंग, रत्नमाला. आजवर हजारो लोकांची नावं टाइप केली, स्वतःचं कधी नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

"आणि तो नायक?" मी डोळे पुसत विचारलं.

"खाली लिही. आणि इतर."

पुस्तक आलं त्या दिवसापासून काका रोज दुकानात बसून वाचायचे, भिंगाशिवाय. नवव्या दिवशी शेवटचं पान आलं. एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि सगळ्यात खाली येऊन अडले. ती एकच ओळ मी बारीक अक्षरात ठेवली होती, सिनेमात असायची तेवढ्याच.

"खाली काय आहे गं? दिसत नाय."

"राहू द्या काका," मी म्हणाले. "तिथवर कुणी थांबत नाही."