गळकं गणित

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत चाळीस हजार रुपये ठरले. हजर होते सरपंच, भिंतीचा ठेकेदार, सर आणि मी. तलावाच्या सांडव्याचं पाणी ज्या वळणावर आमच्या गल्लीला घासून जातं, तिथली नवी भिंत माझ्या जागेला टेकणार होती, म्हणून मला बोलावलं होतं. भिंत किती उंच लागेल हे सर कंप्युटरवर काढून देणार होते, त्याचे हे चाळीस हजार.

सर वडवणीला भाड्याच्या खोलीत राहायचे, शिकवण्या घ्यायचे आणि अशी कामं करायचे. बोलताना शर्टाच्या टोकानं लॅपटॉपचा पडदा पुसत राहायचे. आणि प्रत्येक अडचणीला त्यांचं एकच उत्तर असे : "तेवढं धरून चाला." दहाला येतो म्हणत आणि बाराला येत. दोन तास आपण धरून चालायचे. वळण मोजायला ते एकदाच आले. निम्म्यात ऊन लागलं म्हणून टेप गुंडाळला आणि उरलेलं वळण धरून चालले. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. तो खोटं बोलत नाही. फक्त त्याला खरं शोधायचा कंटाळा असतो.

महिन्याभरानं त्यांनी पडद्यावर आमचा सांडवा दाखवला. सगळं वळण लहान लहान चौकोनांत कापलेलं होतं. "निळं ते पाणी, पांढरी ती हवा," सर म्हणाले. "काही चौकोनांत थोडं पाणी, थोडी हवा. दोन्हींच्या मधली ही रेघ म्हणजे पाण्याची वरची पातळी. सेकंदाच्या बारक्या तुकड्यात रेघ कुठं सरकते ते गणित सांगतं. ही रेघ सांभाळणं हेच आमचं काम."

निळं पाणी धावत आलं, वळणावर उसळलं आणि भिंतीच्या टोकाखाली अर्धा फूट राहून पुढे गेलं. सरपंच खूश झाले. "चार फुटाची पुरं झाली की मग. लई झकास." ठेकेदारानं चहा मागवला.

मी बाजार समितीत वजनकाट्यावर बसतो. गाडी भरलेली किती, रिकामी किती, हे जुळल्याशिवाय मी पावती फाडत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे होते. वरून सोडलेलं पाणी शंभर, खालून बाहेर पडलेलं एक्क्याण्णव.

"सर, मधे कुठं साठलंय का?"

"नाही, सगळं वाहून गेलं. बघा की, कोरडं आहे."

"मग जमिनीत मुरलं?"

"ह्यात मुरायची सोयच नाही."

"मग नऊ कुठं गेलं?"

सरांनी पडदा पुसला. "रेघ सरकवताना थोडं गळतं काका. खरं नाही, गणितात गळतं. चौकोन बारीक केले तर कमी गळेल, पण मग कंप्युटर आठवडाभर चालू ठेवावा लागतो. तेवढं धरून चाला."

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरनं शंभरातले नऊ हंडे असे गाळले तर बाया ड्रायव्हरला खाली उतरवतील. आणि हे शिकलेले गृहस्थ पाणी हरवून वर पाण्याची उंची सांगत होते.

"कामून खोड्या काढता?" सरपंच मला म्हणाले. "सायेब सही करतेत, तुमचं काय जातंय?"

अहवाल दिला गेला. चार फुटांची भिंत उभी राहिली.

जूनमध्ये एका दुपारी सर स्कूटरवर माझ्या घरी आले. चहा नको म्हणाले. उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, मी चौकोन बारीक करून पुन्हा चालवलं. भिंतीवरून पाणी येतंय. तुम्ही त्या बाजूची खोली रिकामी ठेवा."

"अहवालात लिहिलं का?"

"अहवाल देऊन झाला. आता बदलला तर पुढचं काम कोण देणार मला?"

"गल्लीत सात घरं आहेत सर."

"ते... तेवढं तुम्ही सांगा ना." स्कूटर वळवण्याआधी त्यांनी शर्टाच्या टोकानं तिचा कोरडाच आरसा दोनदा पुसला. मला दया आली असती, पण वळणालगतच्या घरात एकटी शेवंताबाई राहते.

सरपंचांकडे गेलो. ते म्हणाले, "सरांच्या सहीचा कागद हाय माज्याकडं. तुमच्याकडं काय हाय?" माझ्याकडे काहीच नव्हतं. मी सातही घरं फिरलो.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात तलाव भरला आणि भर दुपारी सांडवा जोरात सुटला. गल्ली शाळेत जाऊन बसली. शेवंताबाई तेवढी हलेना. "भिंत सायबानं बांधलीया न्हवं?" म्हणाली. मी तिच्या दोन्ही शेळ्या सोडून ओढत निघालो, तेव्हा शिव्या देत मागून आली. तासाभरात पाणी भिंतीवरून आलं आणि तिच्या घराची मागची भिंत घेऊन गेलं.

त्या दुपारी सरांचा चार वेळा फोन आला. "सगळे वर गेले ना काका? ती म्हातारी?" चौथ्या वेळी मी ती आली म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी फोन ठेवला. ही एवढी गोष्ट मी त्यांच्या बाजूनं मांडतो. दुसरी सापडत नाही.

दिवाळीनंतर कामासाठी वडवणीला गेलो, तेव्हा त्यांच्या खोलीला दुसऱ्याचं कुलूप होतं. घरमालक म्हणाला, "पुण्याला गेले. तिकडं मोठी कंपनी हाय म्हणं."

शेवटी दिलं गेलं ते असं. ग्रामपंचायतीनं सरांना चाळीस हजार दिले, पूर्ण. सरांनी माझ्या फोनवर सहा हजार पाठवले, खाली लिहिलं होतं, "त्या आजींना द्या, माझं नाव सांगू नका." मी पैसे काढून शेवंताबाईच्या हातात दिले आणि नाव सांगितलं. कशाबद्दल तेही सांगितलं.

तिनं नोटा पदराला बांधल्या. "बारा लागतेत भिंतीला," म्हणाली.

मी ते सरांना कळवलं. सहाचे काही बारा झाले नाहीत. तिची भिंत कमरेपर्यंत विटांची झाली आहे, वर पत्रा आहे.