गच्चीवरचा जवळा

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सगळ्यात आधी काय चढलं असेल, तर आयचा सुक्या जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, पत्र्याचा डबा. कपाट राहिलं तरी चालेल, पण डबा पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी. "पाऊस काय गाव बगून पडतो? तिकरं पन खायला लागंल," म्हणत ती डबा मांडीवर घेऊन बसली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. गाव विमानतळाच्या प्रकल्पात गेलं होतं, घरांच्या भिंतींवर लाल आकडे रंगवलेले होते.

गावच्या पोरींनो, तुम्हीही त्याच महिन्यात पांगलात. कुणी करंजाड्याला, कुणी उलव्याला, एक तर थेट दुबईला. म्हणून तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते.

आय माझ्याकडे आली, खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर. तुमच्या आया जशा राहायच्या तशीच राहू लागली. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत, जुन्या लुगड्याची फडकी, बाजाराला जाताना टोपली. फ्रीज तिला नकोच असायचा. "उनाला मीटर नाय," म्हणायची. मी चिडायचे. शेजारच्या बायका काय म्हणतील, हाच माझ्या जिवाला घोर.

मग सोसायटीच्या महिला मंडळानं पर्यावरण दिनाचा कार्यक्रम ठरवला, 'माझं घर, कमी कार्बन'. भाषण माझं. यूट्यूब बघून मुद्दे काढले. ऊन वापरा, जवळपासचं खा, प्लास्टिक टाळा. अगं, हे सगळं करणारी बाई माझ्याच किचनमध्ये जवळा निवडत बसली होती! मला दिसली नाही.

पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस होते ते. आयनं गच्चीवर, सोलर पॅनलच्या बाजूला, लुगडं अंथरून जवळा वाळत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर मेसेज आला, टेरेसवर कसला घाण वास येतोय? पाठोपाठ अध्यक्षीणबाईंनी मला वेगळं लिहिलं, "ताई, तुम्हीच आपल्या स्पीकर ना?"

माझे कान तापले. तशीच वर गेले, लुगड्यासकट सगळं गोळा केलं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि खाली घंटागाडीत टाकून आले. आय जिन्यात उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "वालला व्हता गो. आता पावसात काय खाशील?"

माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या. भेट म्हणून कापडी पिशवी मिळाली, प्लास्टिकच्या वेष्टनात. आय कार्यक्रमाला आली नव्हती. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूनं उग्र वास आला, डोळे चुरचुरले. सगळ्यांनी मुकाट खिडक्या लावल्या, एसी चालू केले. ग्रुपवर कुणी एक अक्षर लिहिलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून आय विचारल्याशिवाय काही करत नाही. तांदळाचं पाणी हातात धरून उभी राहते. "ह्ये कुटं टाकू?" जन्मात कधी काही वाया न घालवलेली बाई, मी सांगेपर्यंत तशीच उभी असते.

यंदा मीच बाजारातून ओला जवळा आणला. गच्चीवर माझी साडी अंथरली. म्हटलं, लिहू दे ग्रुपवर कुणाला काय लिहायचंय ते! आयला हाक मारायला खाली आले. ती उठली नाही.

"ऱ्हाऊ दे. तुजं घर हाय. मानसं तुला बोलतील."

चार वर्षं माझ्याकडे राहून, तुजं घर.

तुम्ही आता घर कशाला म्हणता, मला माहीत नाही. मला वाटायचं, आयचं घर गावात पडलं. पण ते ती मांडीवर घेऊन इथवर आली होती. घंटागाडीत मी टाकलं.

जवळा छान वाळला. तिच्याच पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलाय. पाऊस लागून महिना झाला. डबा तिनं अजून उघडलेला नाही.